माझ्याखालची तुळई

"हिला हात लावू नका हं. ही अजून वाढतेय."

हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला. तेव्हा मी फळी नव्हते, झाड होते. बोलणारी होती केलेरा. तिच्या हातात खणायची काठी होती आणि गुडघे मातीने माखले होते. होडीसाठी लाकूड शोधत आलेले पुरुष कुऱ्हाडी खाली धरून तिच्यापुढे उभे होते. थोडा वेळ ते घुटमळले, मग गेले. केलेरा परत खाली बसली आणि दालोच्या, म्हणजे आमच्या अळूच्या, कंदांभोवतीचे तण उपटता उपटता गाऊ लागली.

काळ्या खडकात उभी, लाल काळजाची बाई
वारा भांडून थकला, मान तिची लवं नाही

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. वेसीच्या लाकडाची. आमच्या वाइकूला गावाचा धक्का किनाऱ्यावरच्या दवाखान्यापासून निघतो, उथळ प्रवाळावरून जातो आणि खोल पाण्याशी थांबतो. त्याच्या अगदी टोकाला, डाव्या हाताला, मी आहे. उन्हाने माझा रंग राखाडी झाला आहे. पण कोणी चाकूने जरासे खरवडले, तर आत मी अजून लालच आहे.

वेसीला वाढायला घाई नसते. प्रवाळाच्या खडकात माती थोडी आणि पाणी त्याहून थोडे. मूळ एकेक फट शोधत खाली जाते. म्हणून आमचे लाकूड इतके घट्ट होते की पाण्यात टाकले तर बुडते. केलेरा माझ्या सावलीत दालो लावी, जेवण झाले की माझ्या बुंध्याला पाठ टेकी, आणि तिची लहानगी तितिलिया माझ्या मुळांवर घोडा घोडा खेळे. ती माझी सुखाची वर्षे.

मग एक दिवस केलेराच्या पोटात दुखू लागले. नर्सबाई उनाइसीने तिला तपासले आणि म्हणाली, "हिला मोठ्या बेटावर न्यायला हवं. आत्ताच्या आत्ता." पण ओहोटी होती. ओहोटीला आमच्या किनाऱ्यापुढे गुडघाभर पाण्यात नुसते प्रवाळाचे दात उरतात. बोट आत येत नाही, माणसाला धड चालता येत नाही. तिचा नवरा साकिउसा आणि गावकरी तिला दाराच्या फळीवर घालून निघाले. पाय कापत, ठेचकाळत निम्म्या वाटेपर्यंत गेले. तिथे थांबावे लागले. भरती येईपर्यंत ते तिला खांद्यावर घेऊन पाण्यात उभे होते. भरती आली, पण तोवर केलेरा गेली होती.

हे मी टेकडीवरून पाहिले. झाडाला मान फिरवता येत नाही.

साकिउसा गावाचा मुखिया होता. त्याने दुखवटा पाळला, केस वाढवले, आणि एक दिवस गावाला सांगितले, "धक्का बांधायचा. खोल पाण्यापर्यंत. यापुढे वाइकूलाचं एकही माणूस त्या प्रवाळावरून न्यायचं नाही."

धक्क्याला लाकूड कोणते घालायचे यावर बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले पाइन आणू, हलके असते. कोणी म्हणाले मोहगनी, दिसायला छान. साकिउसाने वाद घातला नाही. त्याने प्रत्येक लाकडाचा एकेक तुकडा आणवला आणि भरतीच्या रेषेवर चिखलात अर्धा अर्धा पुरून ठेवला. लोक येता जाता त्याची थट्टा करत. "काय साकिउसा, लाकडं पेरलीस? धक्का उगवणार की काय इथे?" तो नुसता मान हलवी. पावसाळे गेले. मग त्याने सगळ्यांसमोर तुकडे उपटले. पाइन ओल्या पावासारखा हातात आला. मोहगनी वरून शहाणी दिसत होती, खालून भुगा. आंब्याचे तर नावच उरले नव्हते. वेसीचा तुकडा मात्र बाहेर काढायलाच दोघे लागले. साकिउसाने त्यावर चाकू मारला, तर पाते वळले.

"समुद्रावर हीच," तो म्हणाला. एवढे म्हणून तो टेकडीवर आला आणि माझ्याखाली बसला. मग बुंध्यावर तळवा ठेवून हळूच म्हणाला, "केलेरा, वाढली गं आता ही."

मला तोडताना त्याने कोणाला घाई करू दिली नाही. माझे बाहेरचे फिकट लाकूड तासून चुलीला दिले. "हे किडीला जेवायला बोलावतं," तो म्हणाला. आतल्या लाल गाभ्याच्या फळ्या केल्या. मी त्यातली एक. आणि मुळाजवळचे जे सर्वांत जड, सर्वांत घट्ट लाकूड, त्याच्या तुळया केल्या. त्या माझ्या थोरल्या बहिणी. आम्हांला महिनोन् महिने सावलीत, अंतर राखून रचून ठेवले, म्हणजे वाळताना आम्ही वाकू नये. बहिणी खाली, मी वर. धक्क्यावरही असेच राहायचे आहे, हे आम्हांला तेव्हापासून ठाऊक होते. समुद्रात सिमेंटचे खांब उभे राहिले होते. खांबांवर तुळया जायच्या आणि तुळयांवर आम्ही.

आणि तेव्हा नामुआचे लोक आले.

नामुआ हे समोरच्या बेटावरचे गाव. ते आणि आम्ही तौवू आहोत. तौवू म्हणजे एका मुळाचे. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच म्हणतात. एका मुळाच्या माणसांना एकमेकांची वाटेल तशी टर उडवता येते, एकमेकांच्या घरातले वाटेल ते उचलून नेता येते, आणि ज्याचे नेले त्याने हसायचे असते. रागवायचे नसते. नुसते दाखवायचे नाही असे नव्हे, रागच यायचा नसतो. मग काही दिवसांनी त्याने जायचे आणि नेणाऱ्याची डुकरे, चटया, सापडेल ते दुपटीने लुटून आणायचे, आणि तेव्हा नेणाऱ्याने हसायचे. असे ते चालते.

नामुआची बोट आली ती गात, ओरडत. सगळ्यांनी तोंडाला कोळसा फासला होता. पुढे नेमानी होता, साकिउसाचा लहानपणापासूनचा तौवू. सुतारही तोच आणि बोटवालाही तोच. पाण्यातून उड्या मारत तो थेट तुळयांपाशी आला.

"अरे बेडकांनो!" तो ओरडला. आम्हांला ते बेडूकच म्हणतात, आमच्या गावात दलदल आहे म्हणून. "ही एवढी थोर लाकडं तुम्हांला कशाला? बेडूक कधी धक्क्यावरून चालतो का? या तुळया नामुआच्या!"

गाव खो खो हसले. सगळे साकिउसाकडे पाहू लागले.

साकिउसा हसला. मी त्याच्या अगदी जवळ होते, म्हणून मला दिसले की तो नुसत्या दातांनी हसला. "न्या की, खेकड्यांनो," तो म्हणाला. "पण सांभाळून. तिरके तिरके चालाल आणि पाण्यात पाडाल."

हशा आणखी वाढला. माझ्या बहिणी एकेक करून खांद्यांवर चढल्या. बोट वजनाने खाली बसली, वळली आणि गेली. त्या संध्याकाळी साकिउसा माझ्यावर येऊन बसला. त्याची बोटे माझ्या कडेला इतकी घट्ट आवळलेली होती की मला वाटले, आता तो काहीतरी बोलेल. तो उठला आणि घरी गेला.

आता सगळे वाट पाहू लागले, साकिउसा नामुआवर चालून कधी जातो याची. पोरांनी काठ्या रंगवल्या. बायकांनी लुटीत कोणाची चटई कोण घेणार ते ठरवूनही टाकले. साकिउसा म्हणे, "जाऊ." पुन्हा विचारले की, "जाऊ की, घाई काय आहे." आणि एका सकाळी तो किनाऱ्यावरची म्हातारी नारळाची झाडे तोडू लागला.

"साकिउसा, नारळ?" त्याचा म्हातारा काका काठी टेकत आला. "समुद्रावर? अरे, तुझा तो चिखलातला तमाशा आम्ही सगळ्यांनी पाहिला ना?"

"थोड्या दिवसांपुरता आहे, काका. तुळया आणल्या की बदलू."

"मग तुळयाच आण ना आधी."

"बदलू म्हटलं ना!"

काका काठी टेकत परत गेला. नारळाच्या खोडाच्या तुळया खांबांवर चढल्या. त्यांच्यावर आम्हांला ठोकले. वेसीला लोखंडी खिळा चालत नाही, तो आमच्या अंगावर काळे डाग पाडतो, म्हणून साकिउसाने तांब्याचे खिळे आणवले होते. आम्ही इतक्या कठीण की प्रत्येक खिळ्याआधी भोक पाडावे लागले. खालच्या नारळात मात्र तोच खिळा दोन ठोक्यांत गेला.

मित्रांनो, मग माझे कौतुकाचे दिवस आले. पाऊस पडला की आम्ही लाल पाणी सोडत असू. खालचे पांढरे प्रवाळ गुलाबी होई आणि लहान मुले घाबरून आयांना बोलावीत. दूरच्या गावांचे लोक मुद्दाम आम्हांला पाहायला येत. आमच्यावर गुडघे टेकून हात फिरवीत. "काय फळ्या आहेत! नातवंडांच्या नातवंडांपर्यंत टिकतील!" धक्क्यावरून किती आजारी माणसे बोटीपर्यंत गेली आणि बरी होऊन परत आली. बायका पोट सांभाळत गेल्या आणि तान्ही मुले घेऊन आल्या. संध्याकाळी पुरुष यंगोनाचे, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाचे, लाकडी भांडे घेऊन माझ्यावर बसत. माझ्याखाली कोण आहे, हे कोणी वाकून पाहिले नाही.

माझ्याखाली होती ती नारळाची तुळई. बिचारी वाईट नव्हती. तिच्या बाहेरच्या अंगाने पहिली काही वर्षे नीट भार पेलला. पण तिचा गाभा मऊ होता. खारे पाणी आत शिरले, पाण्यातले किडे आत शिरले. एक दिवस ती मला म्हणाली, "ताई, मी काथ्या व्हायला लागले गं."

"थांब," मी म्हणाले. "माझ्या बहिणी येणार आहेत. त्या आल्या की तुला सुट्टी."

"कधी येणार?"

मला ठाऊक नव्हते. पुढे एकदा ते कळले, आणि कळले नसते तर बरे होते असे वाटले. नेमानीची बायको अकानीसी तितिलियाशी बोलत माझ्यावर पाय सोडून बसली होती. तितिलिया आता मोठी झाली होती, तिचे एमोरीशी लग्न झाले होते आणि तिला दिवस गेले होते.

"तुझ्या बापानं आमच्या माणसाचा घातच केला बघ," अकानीसी म्हणाली.

"तातानं? त्यानं काय केलं?"

"काही नाही केलं, तेच तर! तुमच्या तुळया आणल्या त्या दिवसापासनं यानं दोन डुकरं अंगणात बांधून ठेवलेली. नव्या चटया पसरलेल्या. 'येईल, येईल, शिव्या घालत येईल, बायको गेल्यापासनं हसला नाही तो, आता हसेल' असं रोज. डुकरं खाऊन खाऊन म्हातारी झाली. तुळयांना हा हात लावू देईना कोणाला. 'साकिउसाच्या आहेत, तो आल्यावर ओरबाडून नेईल.' मग ते मोठं वादळ झालं ना? होड्यांची शेड गेली, तुळयाही गेल्या. दर्यानं नेल्या. त्या दिवशी हा माणूस जेवला नाही."

"मग सांगितलं का नाही त्यानं?"

"सांगायचं तर तोंड सरळ ठेवून सांगावं लागेल. तौवूशी तोंड सरळ ठेवून बोलायची सवय आहे का त्याला? जन्मात बोलला नाही."

दोघी हसल्या. मी त्यांच्याखाली होते, मला हसू आले नाही. माझ्या बहिणी समुद्राच्या तळाशी होत्या. वेसी पाण्यात बुडते हे मी तुम्हांला अभिमानाने सांगितले होते ना? ते सांगताना मला हेच आठवत होते.

खाली तुळईने विचारले, "काय म्हणाल्या गं? कधी येणार त्या?"

"येतील," मी म्हणाले.

त्याच दिवसांत नेमानी ओहोटीला बोट बांधायला धक्क्याखाली आला. त्याने वर पाहिले आणि गाणे म्हणता म्हणता थांबला. कमरेचा चाकू काढून त्याने तुळईला टोचला. पाते मुठीपर्यंत आत गेले. त्याने दुसरी तुळई टोचली, तिसरी टोचली. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मी मनात म्हणाले, आता सुटलो आपण. याने पाहिले.

तो वर आला. साकिउसा, काका, एमोरी, सगळे यंगोना पीत बसले होते. नेमानीने तोंड उघडले. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले, आणि त्यांचे चेहरे आधीच हसायला तयार होते.

"अरे बेडकांनो," तो म्हणाला, "तुमचा धक्का खालून तुमच्या काकाच्या दातांसारखा झालाय! एक दिवस सगळे डबकन् पाण्यात! मग मात्र डराव डराव करत नामुआला येऊ नका!"

किती हसले सगळे! काका तर हसून हसून खोकू लागला आणि उरलेले दात दाखवू लागला. एमोरी म्हणाला, "तू आधी पडून दाखव तौवू, मग आम्ही विश्वास ठेवू." साकिउसाही हसला. तसाच, नुसत्या दातांनी.

नेमानीने पुढेही सांगितले. प्रत्येक वेळी तो सांगायला येई आणि प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून थट्टाच निघे. एकदा म्हणाला, धक्का चिंगळ्यांना आंदण दिलात का? एकदा म्हणाला, जाड माणसांनी बोटीवर पोहत यावे. तो जितके खरे सांगे तितका हशा मोठा होई, आणि पोरे त्याची वाक्ये पाठ करून गावभर म्हणत फिरत. आणि मी? मी करकरले. माझ्याकडे दुसरी भाषा नव्हती. लोक म्हणाले, "ऐका, फळ्या गाताहेत."

शेवटी तो दिवस आला. भर दुपार होती, ओहोटी होती. तितिलियाला वेळेआधीच कळा सुरू झाल्या आणि रक्त जाऊ लागले. उनाइसीचा चेहरा पाहूनच साकिउसाला कळले. गावच्या बोटीचे इंजिन बिघडलेले. नामुआला निरोप गेला आणि नेमानी अकानीसीला घेऊन बोट पळवत आला. बोट माझ्या टोकाशी लागली.

दवाखान्यातून ते निघाले. तितिलियाला चटईत घेतले होते. पुढचे टोक साकिउसाच्या हातात, मागचे एमोरीच्या, बाजूंना गावचे गडी. एका वेळी एवढी माणसे, एवढी जवळ जवळ, एवढ्या जड पावलांनी आमच्यावरून पूर्वी कधी आली नव्हती. माझ्याखालची तुळई म्हणाली, "ताई, नाही गं धरवणार. त्यांना सांग."

"थांबा!" नेमानी बोटीतून ओरडला. "पुढे येऊ नका! एकेक जण या! मोडेल ते!"

"तौवू, आज थट्टा नको!" एमोरी किंचाळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "आज नको रे!"

"थट्टा नाही! खरंच सांगतोय! देवाची शपथ!"

"ती पण तू रोजच घेतोस!" बाजूचा गडी ओरडला. नेमानीने रोजच शपथ घेतली होती. त्याच्याकडे शपथ उरली नव्हती, शब्द उरला नव्हता. तो नुसते दोन्ही हात हलवत राहिला आणि लांबून ते नाचल्यासारखे दिसत होते.

साकिउसा मात्र थांबला. त्याने नेमानीच्या तोंडाकडे पाहिले, मग खाली माझ्याकडे. मित्रांनो, त्याला ठाऊक होते. चिखलात लाकडे पुरणाऱ्या माणसाला नारळाचे काय होते ते ठाऊक नसेल का? त्याने मागे वळून प्रवाळाकडे पाहिले, जिथे त्याने केलेराला खांद्यावर घेऊन भरतीची वाट पाहिली होती. दुसरा रस्ता तोच होता. चटईतून तितिलिया म्हणाली, "ताता, चल ना रे."

"पावलं हलकी टाका," साकिउसा म्हणाला, आणि पुढे आला.

तुळई मोडताना मोठा आवाज झाला नाही. ओले फडके फाटावे तसा झाला. माझे टोक खाली गेले. शेजारच्या फळ्या उसळल्या, बाजूचे गडी पाण्यात पडले, कोणाचे डोके प्रवाळावर आपटले. तितिलियाची चटई घसरली आणि माझ्यावर येऊन अडकली. माझे मागचे दोन खिळे धरून होते, पुढे खाली काहीच नव्हते. मी वाकले. आयुष्यात पहिल्यांदा वाकले. माझ्या आत कुठेतरी धागा धागा ताणला जात होता आणि मी एवढेच म्हणत होते, आत्ता नको, आत्ता नको.

साकिउसा माझ्या मागच्या टोकावर आडवा पडला. सगळे वजन टाकून, हातपाय पसरून. आणि नेमानीने बोटीतून उडी मारली. प्रवाळावर त्याचे पाय कापले गेले, पाणी लाल झाले. तो माझ्याखाली आला, वाकला, आणि त्याने मला खांदा लावला. जिथे माझ्या बहिणीने असायला हवे होते, बरोबर तिथे.

"न्या तिला!" तो खालून ओरडला. "माझ्या अंगावरून न्या! लवकर!"

एमोरीने, उनाइसीने तितिलियाला माझ्यावरून ओढत बोटीत घेतले. प्रत्येक पावलाला नेमानी पाण्यात आणखी खाली जाई, पाणी हनुवटीशी येई, आणि तो पुन्हा मला वर रेटे. अकानीसीने इंजिन चालू केले. बोट वळली. लाटेने मी हलले, नेमानी हलला, पण आम्ही पडलो नाही.

बोट गेली. ती संध्याकाळी परत आली आणि तितिलिया व तिची मुलगी दोघी वाचल्या, हे मी तुम्हांला आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. पण मला जे सांगायचे आहे ते त्याच्या आधीचे आहे. तेव्हा कोणालाच काही ठाऊक नव्हते.

मित्रांनो, फळी निवडताना तुम्ही माझ्यासारखी निवडाल. रंग पाहाल, चाकू मारून पाहाल, आणि तुमचे काही चुकणार नाही. एवढेच करा, तिच्याखाली काय घातले आहे तेही वाकून पाहा, आणि पाहिलेत तर मोठ्याने सांगा. "बदलू, बदलू" म्हणत वर्षे घालवू नका. आम्हां लाकडांना बोलता येत नाही. तुम्हांला येते.

पाण्यात पडलेल्यांना लोकांनी किनाऱ्यावर नेले होते. धक्क्यावर दोघेच उरले. नेमानी कसाबसा वर चढला आणि माझ्या धड टोकावर साकिउसाच्या शेजारी बसला. त्याच्या खांद्याची सालपटे निघाली होती. दोघेही बोट गेली त्या दिशेला पाहत होते. पाणी पसरलेले होते आणि त्यावर काहीच नव्हते.

"काय रे बेडका..." नेमानीने सवयीने सुरुवात केली, आणि त्याला पुढचे जमले नाही. मग तो म्हणाला, "तुळया वादळात गेल्या."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं."

"मग त्याआधी आला का नाहीस? मी वाट बघत होतो रे. रोज बघत होतो. मला वाटलं, येशील, माझी डुकरं नेशील, चार शिव्या देशील..."

भरती यायला लागली होती. खालून पाणी वर चढत होते आणि मोडक्या तुळईचा काथ्या त्यात तरंगत होता. साकिउसाने माझ्यावर दोन्ही तळवे टेकले. तौवू म्हटले नाही, खेकडा म्हटले नाही. त्याने त्याला नावाने हाक मारली, आणि एका मुळाची माणसे एकमेकांना जे कधी म्हणत नाहीत, ते म्हणाला.

"नेमानी, मला राग आला होता. खूप राग आला होता. अजून आहे."